धन्याची मर्जी आणि फडणिसाची लेखणी

मंत्रालयातून निघणारा शासन निर्णय चाळीसगाव तालुक्यातील एखाद्या शाळेच्या दोन खोल्यांविषयी असो की गिरणेवरच्या एखाद्या कामाच्या वाढीव खर्चाविषयी असो, त्यात पैशाचा प्रश्न आला की अखेरच्या परिच्छेदांत एक वाक्य ठरलेले असते : हा निर्णय वित्त विभागाच्या सहमतीने, त्या विभागाच्या अमुक अनौपचारिक संदर्भ क्रमांकास अनुसरून, निर्गमित करण्यात येत आहे. सामान्य वाचकाची नजर वरच्या रकमेवर खिळते आणि या वाक्यावरून घसरून जाते. परंतु तालुक्याच्या कचेरीत आयुष्य घालविलेला कारकून तो कागद हाती येताच प्रथम तेच वाक्य शोधतो, कारण मुख्यमंत्र्यांनी भरसभेत शब्द दिलेला असला, पालकमंत्र्यांच्या हस्ते नारळ फुटलेला असला आणि त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात आलेले असले, तरी त्या क्रमांकावाचून उपकोषागारातून छदाम बाहेर पडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. राज्याचा प्रमुख मोठा की त्याच्या खर्चास हरकत घेणारा मोठा, हा प्रश्न इंग्रजी राज्यपद्धतीने आपल्या गळ्यात बांधला अशी एक समजूत आहे. सातमाळ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या मुलखाने मात्र तो प्रश्न इंग्रजांच्या पुष्कळ आधीपासून पाहिलेला आहे, आणि प्रत्येक अमदानीत त्याची निराळी उत्तरेही अनुभवली आहेत.

चाळीसगावच्या नैर्ऋत्येस, चार-पाच कोसांवर, डोंगराच्या कुशीत पाटण आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 च्या सुमारास प्रसिद्धीस आणलेला तेथील शिलालेख गणिताच्या अभ्यासकांस वंद्य झाला, कारण भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी स्थापिलेल्या मठाची हकिगत त्यात आहे. मला त्या लेखाचा शेवट अधिक बोलका वाटतो. वंशावळी आणि स्तुती यांचा संस्कृत भाग संपतो, लेख तत्कालीन मराठीत उतरतो, आणि निकुंभ घराण्यातील सोइदेव या यादवांच्या मांडलिकाने इ. स. 1207 मध्ये मठाला काय काय दिले याचा रोकडा तपशील सुरू होतो : पाटणच्या पेठेत जो माल विक्रीस उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्यास मिळणारा हक्क यापुढे मठाचा, घाण्यामागे पळी-पळी तेल मठाचे, अशा थाटाची ती कलमे आहेत. येथे राजाने तिजोरीतून रक्कम काढून दिलेली नाही. रक्कम तिजोरीत येण्याचा ओघच त्याने वाटेत वळवून दिला आहे. ज्या वर्षी दुष्काळ पडेल त्या वर्षी हा खर्च आवरता घ्यावा असे सांगण्याची सोयच कोणा हिशेबनिसास उरलेली नाही, कारण कागदोपत्री हा खर्चच नव्हे. पुढे इनामे, सरंजाम आणि वतने यांच्या रूपाने हाच प्रकार एवढा वाढला की महाराष्ट्रातील प्रत्येक राजवटीचे खजिनदार, धन्याने दिलेले वगळून जे उरेल, तेवढ्यावरच पहारा करीत राहिले.

घाट चढून पलीकडे गेले की देवगिरी. तेथे महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या दरबारी श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेख्याचा आणि दप्तराचा मुख्य, हे पद हेमाद्रीकडे होते. लोकांनी त्याला हेमाडपंत म्हणून देवळांच्या बांधणीत आणि मोडी लिपीच्या आख्यायिकेत जिवंत ठेवले. राजाच्या पैशावर ज्याने नजर ठेवावयाची त्या या गृहस्थाने चतुर्वर्गचिंतामणी नावाचा अवाढव्य ग्रंथ रचला, आणि त्यात दान कोणास, केव्हा, कोणत्या विधीने द्यावे याचा एक स्वतंत्र खंड आहे! हा योगायोग विनोदी खरा. पण राजाने मुक्तहस्ते देणे हाच राजधर्म मानणाऱ्या युगात, देण्याला निदान विधीची चौकट घालणे एवढेच लेखाधिकाऱ्यास शक्य असावे, असेही त्यावरून म्हणता येईल.

अकबराने 1601 मध्ये असीरगड घेतला, शाहजादा दानियलच्या नावावरून खानदेशास काही काळ दानदेश म्हटले गेले, आणि या प्रांतात प्रथमच एक अशी व्यवस्था आली की जिच्यात खर्चावरील अंकुश हा सुभेदाराच्या कृपेवर अवलंबून नव्हता. मोगली पद्धतीत सुभ्याची फौज आणि अंमल सुभेदाराकडे असे, तर वसूल आणि खर्च दिवाणाकडे. आणि अकबराच्या अखेरच्या दशकापासून प्रांतिक दिवाण आपल्या सुभेदारास नव्हे तर बादशाही दिवाणास जबाबदार राहू लागला. दोघांनी परस्परांवर नजर ठेवावी, दोघांनी परस्परांविरुद्ध लिहावे, आणि दोघांची पत्रे बादशहाने वाचावीत, असा त्यातील हेतू. दख्खनच्या कारभाराचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग केलेले होते. खानदेश आणि अर्धा वऱ्हाड पाईनघाटात, डोंगरावरचा मुलूख बालाघाटात, आणि प्रत्येकास निराळा दिवाण. म्हणजे कन्नडच्या घाटाखाली असलेल्या चाळीसगावचा हिशेब एका दिवाणाच्या दप्तरी आणि घाटमाथ्यावरच्या गावाचा दुसऱ्याच्या, असा प्रकार असे.

या व्यवस्थेची खरी कसोटी औरंगजेब दख्खनचा सुभेदार होऊन 1653 च्या आरंभी बऱ्हाणपुरास आला तेव्हा लागली. सुभेदार खुद्द बादशहाचा पुत्र. परंतु मुलूख उजाड झालेला, आणि कागदावर साडेतीन कोटी रुपयांच्या वर दिसणारा वसूल प्रत्यक्षात जेमतेम एक कोटीपर्यंत येणारा. फौजेचा आणि अंमलदारांचा पगार भागेना म्हणून माळवा आणि सुरत येथील खजिन्यांतून रक्कम मिळावी अशी मागणी शाहजादा करी, आणि शाहजहान प्रत्येक वेळी उत्तर देई की मुलखाची लागवड वाढवावी आणि तेथेच खर्च भागवावा. बापलेकांच्या या पत्रव्यवहारात खर्चाच्या वादाने किती बारीक रूप धरले होते ते पाहावयाचे असेल तर बऱ्हाणपूरच्या बादशाहपसंद आंब्याची हकिगत पाहावी : त्या झाडाचे उत्तम आंबे दिल्लीस न येता मधल्यामध्ये खाल्ले जातात, असा ठपका बादशहाने पुत्रावर ठेवला होता. कोट्यवधींच्या तुटीची चर्चा चालू असताना आंब्यांचा हिशेब विचारणाऱ्या पित्यास हसणे सोपे आहे. पण वरिष्ठाने दूरच्या खर्चावर विश्वास टाकायचे थांबविले म्हणजे अविश्वास नेहमी अशा लहान वस्तूंवरच प्रथम प्रकट होतो, हे कोणत्याही कचेरीत नोकरी केलेल्यास ठाऊक आहे.

त्या तंट्यातून मुलखाचे भले झाले ते दिवाणामुळे. मुर्शिद कुलीखान हा खुरासानी गृहस्थ (बंगालचा प्रसिद्ध मुर्शिद कुलीखान तो हा नव्हे) प्रथम बालाघाटाचा आणि 1656 पासून साऱ्या दख्खनचा दिवाण झाला. त्याने तोडरमल्लाची मोजणी या बाजूस आणली, जमिनीचा कस पाहून धारा ठरविला, उजाड गावांत रयत बसवून बीबियाणे आणि बैल यांसाठी तगाई दिली, आणि मोजणीदारांवर विश्वास न बसल्यामुळे हा एवढा मोठा अधिकारी पुष्कळदा शेतात उभा राहून मोजणीच्या दोरीचे एक टोक स्वतःच्या हाती धरी, असे त्याच्याविषयी लिहिलेले आहे. तिजोरीचा रक्षक नुसता "नाही" म्हणून भागत नाही, त्याला वसुलाची मुळे ठाऊक असावी लागतात, याचा इतका प्रत्यक्ष दाखला विरळा. दोन वर्षांनी हा दिवाण धर्मातपूरच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने लढून पडला. बापाला जबाबदार असलेला अधिकारी मुलाच्या बंडात कामी आला, यावरून दिवाण आणि सुभेदार यांच्यातील ते कागदी अंतर प्रसंग आल्यावर किती टिकले, हे उघडच आहे.

शिवछत्रपतींनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे कानूजाबत्यात नेमून दिली, तेव्हा मुजुमदाराचा अमात्य झाला, आणि राज्यातील साऱ्या जमाखर्चाची चौकशी, दप्तरदार व फडणीस यांच्यावरील देखरेख, आणि फडणिशी व चिटणिशी कागदांवर निशाण करणे ही त्याची कामे ठरली. त्याच कलमात अमात्याने युद्धप्रसंगही करावा असे आहे. तेव्हा हिशेबाचा माणूस केवळ गादीवर बसून राहणारा नव्हता. प्रधानांनी एकमेकांच्या कागदांवर निशाणे करावीत, एकाच्या हातून सबंध कागद पुरा होऊ नये, हे त्या व्यवस्थेचे मर्म होते. आणि त्या प्रधानांतील अमात्य रामचंद्रपंताने उतारवयात लिहिलेल्या आज्ञापत्रात द्रव्यसंग्रहावर जो भर दिला आहे, त्यामागे संकटाच्या काळात रित्या तिजोरीने राज्य चालविल्याचा स्वानुभव होता.

पेशव्यांच्या हाती सत्ता आली आणि अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरागत मानमरातबांत विरघळली, तरी निशाणांची पद्धत मात्र हुजूर दप्तरात अधिकच पक्की झाली. पुण्याच्या या दप्तराची चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर अशी दोन अंगे होती. चालत्या दप्तरात फड, बेहेडा आणि सरंजाम अशा शाखा, आणि एकबेरीज दप्तरात साऱ्या राज्याचे हिशेब गोळा होऊन त्यांचे वर्षावर्षांचे तर्जुमे तयार होत. भरभराटीच्या काळी दोनशेंहून अधिक कारकून येथे बोरू चालवीत. खर्चाचा एखादा विषय निघाला की त्याची याद तयार होई, एकेका कलमाखाली धन्याची मखलाशी, म्हणजे निर्णयाचा शेरा, पडे, त्यावरून सनद अथवा वरात लिहिली जाई, फडणिसाच्या दप्तरी तिचा बार होई, रुजुवातीची खूण होई, आणि मग तो कागद खानदेशच्या सरसुभेदाराकडे किंवा एखाद्या परगण्याच्या कमाविसदाराकडे चालू लागे. परगण्यातही कमाविसदार एकटा नसे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस असे दरखदार त्याच्या सभोवती असत. ते हुजुरातून नेमलेले, पुष्कळदा वंशपरंपरेचे, आणि त्यांस कामावरून दूर करण्याचा अधिकार कमाविसदारास नाही. वर्षारंभी आजमास, वर्षाअखेरीस ताळेबंद. आजमासात नसलेला खर्च ताळेबंदात दिसला की पुण्याहून विचारणा. एखाद्या ठाण्यातील शिबंदी चार माणसांनी वाढविली तरी तिची मंजुरी हुजूरचीच लागे.

ही यंत्रणा कितीही देखणी असली तरी तिचा रोख कोणाकडे होता ते विसरून चालणार नाही. दरखदार हा कमाविसदारावरचा पहारेकरी होता. फडणीस हा दरखदारांवरचा. परंतु खुद्द पेशव्याने मखलाशीत "करार" म्हटले म्हणजे फडणिसाचे काम ते नोंदण्याचे, अडविण्याचे नव्हे. लेखणीचे सामर्थ्य एवढेच होते की धन्यालाही पैसा हवा असेल तर कागदातून जावे लागे, आणि कागदातून गेले म्हणजे सालअखेरीस त्याची बेरीज कोणाच्या तरी डोळ्यांपुढे येई.

या मर्यादेवर पहिला मोठा संघर्ष झाला तो खुद्द शनिवारवाड्यात, एकाच घरातील दोन चुलतभावांत. थोरल्या बाजीरावाने मोहिमा जिंकल्या आणि कर्ज ठेवले; सावकारांच्या पाया पडता पडता कपाळ झिजल्याची त्याची ब्रह्मेंद्रस्वामींपाशी केलेली तक्रार सर्वश्रुत आहे. नानासाहेबाच्या वेळी चिमाजी अप्पाचा पुत्र सदाशिवरावभाऊ याने 1750 मध्ये आपल्या वडिलांप्रमाणे आपणास दिवाणगिरी मिळावी असा हट्ट धरला. पेशव्याने आढेवेढे घेतले, तेव्हा कोल्हापूरकरांची पेशवाई पत्करण्यापर्यंत भाऊची मजल गेली, आणि अखेरीस महादोबा पुरंदरे याने कारभारीपद सोडून घर सावरले. पुढली दहा वर्षे भाऊच्या हाती जमाखर्च होता आणि तो त्याने कडक शिस्तीने राखला. रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब लाहोरपर्यंतचा पराक्रम करून परतला तो लुटीऐवजी देणे घेऊन. ग्रँट डफ ते ऐंशी लाखांच्या घरात सांगतो. भाऊने त्याचा जाब विचारला, दादासाहेबाने पुढची स्वारी तुम्हीच करून दाखवा असे उत्तर दिले, आणि उदगीरच्या विजयाने असीरगड व बऱ्हाणपूर पेशवाईत आणणारा हा हिशेबी पुरुष 1760 मध्ये उत्तरेस गेला. तेथे गोविंदपंत बुंदेल्याकडे वसुलाचे तगादे लावूनही पैसा पुरा येईना, तेव्हा दिल्लीच्या दिवाणखासाचे रुपेरी छत काढून त्याची नाणी पाडण्याची वेळ त्याच्यावर आली, आणि ते रुपयेही थोड्याच दिवसांत फौजेने खाऊन टाकले. दादासाहेबाचा ताळेबंद तपासताना भाऊ बरोबरच होता असे माझे मत आहे; पण उत्तरेतील खर्च हा पुण्यातील कागदावर जसा दिसतो तसा तो यमुनेच्या काठी नसतो, हे त्याला पानिपताच्या वाटेवर कळले.

थोरल्या माधवरावाने उरलेले कर्ज शिरावर घेऊन अकरा वर्षे राज्य सावरले, आणि मृत्युशय्येवर लिहवून घेतलेल्या कलमांतही देणे वारण्याची काळजी त्याला सुटली नाही. ज्या काळात धनी स्वतःच काटकसरी असतो त्या काळाविषयी इतिहासकारास फारसे लिहावे लागत नाही.

नंतर उलटाच प्रकार झाला. नारायणरावाचा 1773 मध्ये खून झाला, धनी म्हणून पाळण्यातील मूल उरले, आणि भानू घराण्यात पिढीजात चालत आलेली फडणिशी ज्याच्याकडे होती तो बाळाजी जनार्दन, आपला नाना फडणीस, प्रथम बारभाईंपैकी एक आणि पुढे एकटाच राज्याचा कर्ता झाला. मखलाशी करणाराही तोच आणि बार घालणाराही तोच! हुजूर दप्तर त्याच्या वेळी जितके नेटके होते तितके ना आधी होते ना नंतर, ही साक्ष त्या दप्तराचे वर्णन करणाऱ्या इंग्रजांनीही दिली आहे. तरीही मला वाटते की पुढच्या अनर्थाचे बीज या नेटकेपणातच होते. फडणिसाचे काम ज्या कोणास विरोध करण्याचे, तो कोणी उरलाच नाही. हिशेबाची शिस्त ही पदाची न राहता एका माणसाची झाली. आणि 1800 च्या मार्चमध्ये तो माणूस गेला तेव्हा पद होते तेथेच राहिले, पण त्यातील तेज त्याच्याबरोबर गेले.

दुसऱ्या बाजीरावाने फडाशी भांडण केले नाही. त्याला त्याची गरजच ठेवली नाही. एल्फिन्स्टनने 1819 च्या आपल्या प्रसिद्ध अहवालात याआधीच सुरू झालेल्या एका रोगाचे जे वर्णन केले आहे ते कोणत्याही लेखापरीक्षकाने वाचावे असे आहे. मामलेदार हिशेबात लबाडी करीत, आणि ती पचावी म्हणून पुण्यातील मंत्र्यांना व हिशेब तपासणाऱ्यांना गुप्तपणे पैसे चारीत. होता होता ही लाच ठरीव दस्तुरी बनली आणि दरबारखर्च या नावाने राजरोस हिशेबात लिहिली जाऊ लागली. मग ती लाच राहिली नाही म्हणून वर आणखी गुप्त लाच द्यावी लागली, आणि तपासणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले, कारण वाटा त्यांचाही होता. नानाच्या पश्चात दप्तराला कोणी वाली न राहिल्यामुळे कारकून सरकारी कागद घरी घेऊन जाऊ लागले. या सडलेल्या यंत्रणेस दुरुस्त करण्याऐवजी बाजीरावाने तिला वळसा घातला : परगणे मक्त्याने, लिलाव पुकारल्याप्रमाणे, अधिक बोली करणाऱ्यास देऊन टाकावे, ठरलेली रक्कम रोख घ्यावी, आणि मक्तेदाराने रयतेकडून काय उकळले याची विचारपूस करू नये. मक्तेदारास पुढल्या वर्षी दुसरा कोणी चढी बोली करील ही धास्ती. म्हणून तो पोटमक्ते देई, आणि पोटमक्तेदार पाटलाच्या मानेवर बसे. मक्त्यात आजमास नाही, ताळेबंद नाही, तेव्हा दरखदाराने तपासावे काय? ग्रँट डफच्या अंदाजाप्रमाणे या पेशव्याने पाच कोटींहून अधिक द्रव्य साठविले. तिजोरी भरलेली आणि हिशेब नाहीसा, अशी ही अवस्था होती.

खानदेशावर याच वेळी दुहेरी मार बसला. यशवंतराव होळकराच्या फौजा 1802 मध्ये हा मुलूख तुडवीत गेल्या, पाठोपाठ 1803-04 चा दुष्काळ आला, आणि ज्या मामलतदारास अशा वर्षी हुजुरास सूट मागण्याची याद लिहिता आली असती त्याच्या जागी मक्त्याची रक्कम पुरी करण्याची विवंचना असलेला माणूस बसलेला होता. पेंढारी, अरब शिबंदी आणि डोंगरातील भिल्लांचे दंगे यांनी उरलेले पुरे केले. 1818 मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज कारभार हाती घेण्यास आला तेव्हा गावेच्या गावे ओस होती आणि झाडी पेठांपर्यंत आलेली होती. भिल्लांच्या बंदोबस्तासाठी 1825 मध्ये ज्या एजन्सी स्थापन झाल्या त्यांतील एक चाळीसगावच्या डोक्यावर, कन्नडास होती, आणि भिल्ल पलटणीच्या औट्रमचे नाव त्या घाटास अजून आहे.

खुद्द बाजीरावाने 3 जून 1818 रोजी माल्कमच्या स्वाधीन व्हावयाचे ठिकाणही याच बाजूचे, असीरगडाजवळचे धूळकोट. माल्कमने त्याला सालिना आठ लाख रुपयांचे वचन दिले. कलकत्त्यास गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास ती रक्कम भलतीच मोठी वाटली. पण छावणीतील अधिकाऱ्याने कंपनीच्या नावाने दिलेला शब्द मोडणे बरे नव्हे म्हणून त्याने ती कायम केली. पेशवा ब्रह्मावर्तास जाऊन 1851 च्या जानेवारीपर्यंत जगला. धूळकोटच्या त्या एका बैठकीची किंमत, खर्चाची आगाऊ मंजुरी कोणाचीच नसताना, अडीच कोटींच्या वर गेली.

कंपनीने आणि पुढे राणीच्या सरकारने यातून जो धडा घेतला तो अतिरेकाचा. 1833 च्या सनदेने प्रांतांचा खर्च गव्हर्नर जनरलाच्या मुठीत गेला, 1860 मध्ये जेम्स विल्सनने हिंदुस्थानचे पहिले अंदाजपत्रक मांडले, आणि त्याच्या करांस उघड विरोध करणाऱ्या मद्रासच्या गव्हर्नरास, सर चार्ल्स ट्रेव्हेलियनला, त्याच वर्षी परत बोलाविण्यात आले. दोन बाजारगावांमधल्या रस्त्यावर वीस पौंड खर्चावयाचे, पडका तबेला बांधावयाचा किंवा महिना पाच रुपयांचा शिपाई ठेवावयाचा, तरी हिंदुस्थान सरकारचा हुकूम लागे, असे स्ट्रेची बंधूंनी लिहून ठेवले आहे. लॉर्ड मेयोने 1870 च्या डिसेंबरात पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते यांसाठी प्रांतांना ठोक रकमा तोडून दिल्या तेव्हा कोठे ही गाठ सैल झाली.

स्वराज्यात हा वाद मंत्रिमंडळाच्या बैठकीत येऊन बसला. अर्थमंत्री जॉन मथाई 1950 मध्ये बाहेर पडले ते नियोजन मंडळ हे मंत्रिमंडळास समांतर सत्तास्थान होईल या भीतीने, आणि जाताना त्यांनी अशीही तक्रार केली की स्थायी वित्त समितीचा अधिकार डावलून खर्च करणाऱ्यांत खुद्द पंतप्रधानांच्या हाताखालील खातीही आहेत. त्यांच्या जागी आले महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि 1952 पासून कुलाब्याचे खासदार. सहा वर्षे त्यांनी खर्चावर आपली लेखणी चालविली, आणि नेहरूंसारख्या पंतप्रधानाच्या मंत्रिमंडळात तिला मान होता. पण त्यांचा राजीनामा आला तो अंदाजपत्रकातील कोणत्या कलमावरून नव्हे. मुंबई केंद्रशासित राहील ही घोषणा पंतप्रधानांनी मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता केली, हा त्यांचा आक्षेप होता. रुपयाच्या प्रत्येक कागदावर ज्याची सही मागितली जाई त्याला त्याच्या प्रांताच्या राजधानीविषयी कोणी विचारले नव्हते. 25 जुलै 1956 रोजी त्यांनी लोकसभेत आपले निवेदन केले, अर्थखाते पुढे टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेले, आणि मुंबई महाराष्ट्रास मिळण्यास आणखी पावणेचार वर्षे लागली.